पाउलाच्या नावाची पट्टी

पासष्ट मार्क चित्राचे, दोन मार्क हातगाडीचे आणि अर्ध्या दिवसाची बुडालेली मजुरी. फेब्रुवारी १९४२ मध्ये हाम्बुर्गच्या सरकारी लिलावात ते चित्र मला एवढ्याला पडलं, असं मी आजवर सांगत आलो. जे त्यात धरलं नव्हतं ते इथे लिहितो.

मी, हिनरिक ल्यूडर्स, वय सत्त्याहत्तर, धंदा चित्रांच्या चौकटी करण्याचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. इथल्या कायद्याला माझं अक्षर पुरतं, साक्षीदार लागत नाहीत. मला ते हवे आहेत.

१. दुकान आणि वरचं घर मुलगा येन्स याला द्यावं. बँकेतली शिल्लक, कलम चारचा खर्च वजा जाता, त्यालाच.

२. हत्यारं नात माइके हिला. येन्सने रागावू नये. चौकटीचा कोपरा त्याला अजून जुळवता येत नाही. समोरच्या क्रोनला माझी सुतळीसुद्धा देऊ नये. 'ल्यूडर्स डिंकात पाणी घालतो' असं सांगून त्याने १९५४ साली माझं गिऱ्हाईक पळवलं. पाणी मी घालत असे, पण तोही घालत होता.

३. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवरचं चित्र, एल्ब नदीच्या वाळूत उलटी ठेवलेली होडी, माझं नाही. ते ग्रिंडेल भागात पियानो शिकवणारे मोरिट्झ लेव्हीसोन आणि त्यांच्या पत्नी पाउला यांचं. त्याची पहिली चौकट मीच केली होती, मीच त्यांच्या भिंतीवर ते टांगलं, आणि पाउलाबाईंनी मला आलुबुखाराचा केक बांधून दिला होता. ते ज्यू होते. डिसेंबर १९४१ मध्ये नाझींनी दोघांना रीगाच्या छावणीत नेलं. ते परत आले नाहीत. दोन महिन्यांत त्यांचं सामान लिलावात आलं. लिलाववाल्याने मालकाचं नाव सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

माझी बायको केटे कुजबुजली, "अहो, हे लेव्हीसोनांकडचं ना?"

"गप्प बस, भाव वाढेल," मी म्हणालो.

चौकट आधीच कोणी काढून नेली होती. माझ्याकडे एक सोनेरी चौकट पडून होती, चित्र तिच्यापेक्षा चार बोटं उंच. आमच्या धंद्यात अशा वेळी खालून कापतात. आकाश कापलेलं गिऱ्हाइकाला कळतं, जमीन कापलेली कळत नाही. मी कापलं. त्या पट्टीवर चित्रकाराने लिहिलं होतं, 'पाउलाला, लग्नानिमित्त.' अशा पट्ट्या आम्ही वार्निश तपासायला ठेवतो, तशी ती लिलावाच्या पावतीसकट पत्र्याच्या खणात टाकली.

पुढच्या वर्षी जुलैत बॉम्बच्या आगीत हाममधलं आमचं घर जळालं. अंगावरचे कपडे आणि हे चित्र, एवढंच मी बाहेर काढलं. खण भिंतीसकट पडला, तोही नंतर ढिगाऱ्यातून उकरला. ते लेव्हीसोनांच्या भिंतीवर राहिलं असतं तर राख झालं असतं, मी घेतलं म्हणून वाचलं, हे मी प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं आहे.

१९६१ साली दुकानात एक बाई आली.

"हिनरिकदादा, ओळखलंत? मी एडिथ, लेव्हीसोनांची."

अकराव्या वर्षी तिला एकटीला इंग्लंडला पाठवलं होतं.

"तिकडचं पाणी मानवलं म्हणायचं," मी म्हणालो.

"तुमची जीभ तश्शीच आहे हो," ती हसली. मग म्हणाली, "होडीचं चित्र शोधतेय. खाली आईचं नाव लिहिलंय, त्यावरून लगेच कळेल. तिच्या नावाचं माझ्याकडे काहीच नाही."

"बाई, असं नाव लिहिलेलं चित्र माझ्याकडे नाही."

यात एक शब्द खोटा नव्हता. वर केटे जेवण वाढत होती, तिने ऐकलं. त्या दिवसापासून ती त्या भिंतीकडे पाठ करून जेवू लागली आणि मरेपर्यंत तिने जागा बदलली नाही. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि कदाचित हरलोही असतो.

४. एडिथ १९७९ मध्ये वारली, हे मला गेल्या वर्षी कळलं. तिची मुलगी ज्युडिथ लीड्सला असते. चित्र आणि पट्टी तिची. टपालाने पाठवू नये. माइकेने स्वतः न्यावं, खर्च माझ्या शिल्लकेतून. सोनेरी चौकट आधी काढावी. पट्टी जोडायची की नाही ते ज्युडिथने ठरवावं. जोडली तर सांधा रंगाने झाकू नये. तिच्याकडून आभाराची अपेक्षा धरू नये. तिने दार उघडलं नाही, तर माइकेने दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं.

येन्स म्हणतो, "बाबा, रोख मोजून घेतलंय, पावती आहे आपल्याकडे." ती पावतीही ज्युडिथला द्यावी. तिच्यावर तारीख आहे. येन्सने यात आडकाठी केली तर कलम एक रद्द आणि सगळं माइकेचं.

साक्षीदारांनी नुसती सही करू नये. जे ठाऊक असेल ते लिहावं, मी खोडणार नाही.

हिनरिक ल्यूडर्स
हाम्बुर्ग, १४ मार्च १९८८

साक्षीदार:

विल्हेल्म टाडे, बेकरीवाला. पट्टी मी डोळ्यांनी पाहिली. नाव स्वच्छ वाचता येतं.

गेर्डा स्टाम, निवृत्त शिक्षिका. लेव्हीसोन ज्या घरात राहत, त्याच घरात मी १९४२ पासून राहते. युद्धात त्या घराची एक काचही फुटली नाही.