उसनी इस्त्री आणि बर्फाचे दोन लेप

मी, चैताली धर्मपाल तळभंडारे, वय २४, राहणार सात रस्ता, सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. तब्येत ठणठणीत आहे. परवा उत्तराखंडात औलीला बर्फावर स्की करायला निघते आहे आणि स्कीच्या पट्ट्यांना खालून मी स्वतः बनवलेला लेप असणार आहे, म्हणून आधी लिहून ठेवलेले बरे.

१. बँकेतील शिल्लक आणि स्कूटर आईला, म्हणजे शालन हिला. स्कूटरचा मागचा ब्रेक सैल आहे. आधी दुरुस्त करावा. मेण वितळवायचे पातेलेही आईचेच. तीन वर्षे ती मागते आहे.

२. लेप दोन आहेत. ओल्या बर्फाचा लेप मी बर्फाच्या कारखान्यातल्या लाद्यांवर तपासला आहे. तो उत्तम आहे. कृती मागेल त्याला द्यावी. बाजारच्या काही लेपांत असते ते फ्लोरीन दोन्हींत नाही, कारण बर्फ वितळला की ते पाणी खालच्या गावांत जाते. कोरड्या, म्हणजे कडक थंडीतल्या भुसभुशीत बर्फाचा लेप मात्र इथे तपासता येत नाही. सोलापुरात लादी पोत्यातून काढेपर्यंत पाझरते. तो पहिल्यांदा मीच पायाखाली घेणार. दुसऱ्याच्या पायांवर प्रयोग नको.

३. मोहोळचा आतेभाऊ यशपाल लष्करात स्की शिकला. तो माझ्यासोबत उतरणार आहे. भर लग्नाच्या पंगतीत तो म्हणाला होता, "चैते, सोलापुरात बर्फ रसाच्या गाड्यावर मिळतोय. तितंच घसर की!" सगळे हसले. मी जेवण टाकून उठले, ते विसरलेले नाही. तरीही निकाल त्यानेच द्यावा, कारण तो माझे खोटे कौतुक कधीच करणार नाही. मी लेपामुळे पडले असे तो म्हणाला, तर कोरड्या लेपाची कृती कोणालाही देऊ नये. माझ्या कच्च्या पायांमुळे पडले असेन, तर लेपाला दोष नको. मग कृती त्याची, आणि रसाच्या गाड्याचे वाक्य त्याने पंगतीतच मागे घ्यावे.

४. लहानपणच्या दम्यामुळे मी दुसरीपर्यंत घरीच शिकले, म्हणजे बाबांच्या इस्त्रीच्या दुकानात. कपड्यांच्या चिठ्ठ्यांवरची नावे वाचून अक्षरे आली. इस्त्री अडकली की बाबा तिच्या तळाला मेणबत्ती फिरवून फडक्याने पुसत. माझा छंद तिथून निघाला. पट्ट्यांवर लेपही मी त्याच इस्त्रीने लावते. काल ती पिशवीत भरली, तेव्हा बाबा म्हणाले, "ने की. पण धा-बारा दिसात परत पायजे. लग्नसराई हाय, गिऱ्हाईक माझं डोकं खाईल."

सही करायला बसलेले कुंडलिकमामा विचारतात, "मग इस्त्री कुणाला लिवलीस?"

कोणालाच नाही. ती माझी नाही, बाबांची आहे. परत द्यायला मलाच यावे लागेल.

लिहून देणार : चैताली धर्मपाल तळभंडारे (सही)
साक्षीदार : कुंडलिक सरवदे, मामा (सही)
वैजयंती कांबळे, शेजारी (सही)
सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२६