आईच्या उशाचा रेडिओ

मंगळवार, संध्याकाळ. संगमनेर.

आज राहात्याला दादाकडे आईला भेटून आले. डोळे गेल्यापासून तिला वेळ कळायची ती उशाशी असलेल्या घड्याळवाल्या रेडिओवरून. सहाला तो आपोआप लागला की ती उठायची. आज तिनं मला चारदा विचारलं, "किती वाजले गं?" रेडिओ कपाटावर, वायर गुंडाळून ठेवलेला. वहिनी म्हणाली, "पहाटंच वरडतो, वन्सं. पोरींची झोपमोड व्हती. तुमाला पायजे तर घिऊन जा." दादानं मोबाईलमधून मान वर केली नाही. आणि मी? मी तरी कुठं भांडले? 'आईलाच नेते' हे ओठांवर आलेलं गिळलं, कारण मग खरंच न्यावं लागलं असतं. रेडिओ पिशवीत घातला आणि एसटीत बसले.