गेणबाआबांचा बस्ता

३ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन श्रेया कलेक्शन! दुकान तोट्यात नाही. गिऱ्हाईक येत नाही, एवढंच. निमगाव केतकीला हसायला अजून गेल्या मे महिन्यातलं लग्न पुरतंय. गेणबाआबांच्या थोरल्याच्या वरातीत आपल्या गुलाबी फेट्यांचा रंग घामाने सुटला आणि आबांचं पांढरं डोकं आठवडाभर गुलाबी राहिलं. चूक उन्हाची, नाव माझं खराब.
संकल्प: मार्चमध्ये आबांच्या मुलीचं लग्न. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळा बस्ता आपल्याकडे. आबा आले की गाव येईल. बायको, उत्कर्षा, म्हणाली, बस्ता हुकला तर दुकानाला कुलूप, आणि तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात, बारामतीला. मी हसलो. ती हसली नाही.

९ जानेवारी, सकाळ
आयडिया! आहेराची टॉवेल-टोपी कोण वापरतं? घडी न मोडता या लग्नातून त्या लग्नात. त्यावर दुकानाचं नाव छापलं की तालुकाभर फुकट जाहिरात. मेहुण्याला, यशराजला, फोनवर सांगितलं. दोनदा परत सांगायला लावलं. थक्क झाला असणार.

१४ जानेवारी
आयडियात सुधारणा: देणाऱ्याचंही नाव छापायचं. टोपीवर ठळक ‘सप्रेम भेट, गेणबाआबा’. पहिला जोड आबांना फ्री. आबा खूश. बस्त्याचं विचारलं तर म्हणाले, बघू. बघू म्हणजे होच.

२ फेब्रुवारी
आबांनी तो जोड कळसच्या पाहुण्याला, बिरदेवला दिला, त्याच्या वास्तुशांतीत. मार्केटिंग सुरू! उत्कर्षा म्हणते, आबांच्या नावाची टोपी तो पुढे कुणाला देणार? हिला बिझनेसमधलं कळत नाही.

११ फेब्रुवारी
बिरदेवने दिली. आबांनाच. मुलीच्या साखरपुड्यात, घाईघाईत, न बघता डोक्यावर ठेवली. मांडवभर लोकांनी आबांच्या कपाळावर आबांचंच नाव वाचलं. आता आबा आणि बिरदेव बोलत नाहीत. माझ्याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.
जमेची बाजू: खाली दुकानाचं नावही होतं. तेही सगळ्यांनी वाचलं.

२० फेब्रुवारी
आबांकडे जाऊन आलो. बस्त्याला येणाऱ्या सगळ्यांना मटणाचं जेवण फ्री, अशी ऑफर दिली. आबांनी चहा पाजला. म्हणाले, तू मानूस चांगला हायस दीपक, पर तुझ्या कापडाचं भ्या वाटतंय. यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं.

१ मार्च
उत्कर्षाने कुलूप लावलं. मीही फार ताणून धरलं नाही. यशराजकडे काही महिने मोठ्या शोरूमचा अभ्यास करायचा, मग परत धडाक्यात ओपनिंग. तो देईल तो पगार स्टायपेंड समजायचा.
एसटीत बसायला जागा मिळाली. शुभशकुन.

९ मार्च
आज यशराजच्या दुकानाच्या दारात दोन जीप थांबल्या. गेणबाआबा, सगळं गणगोत, समेट झालेला बिरदेवसुद्धा. बस्ता! आणि शालूच्या गादीवर मी!
आबांनी पदर बोटांत चोळला. विचारलं, दीपक, रंग जातो का रं? म्हटलं, न्हाय जात, आबा. लगेच म्हणाले, बांध मग. मला भरूनच आलं. शेवटी माझ्या शब्दाला किंमत आली!
निघताना न राहवून विचारलं, आबा, फेट्यांच्या वेळीही मी हेच सांगितलं होतं, मग आजच इतका विश्वास कसा?
आबा म्हणाले, आज माल तुझा न्हाय.