क्रेनवरून काढलेला फोटो

प्रिय मेल्पो,

सकाळपासून घरात पाय ठरत नाही. धक्क्यापर्यंत जातो, कुंपणाला हात लावतो, परत येतो. आमच्या लहानपणी तिथं कुंपण नव्हतं. गुरुजी समुद्राकडे तोंड करून कविता म्हणायला लावत, आणि नेमकं एखादं जहाज भोंगा वाजवून मधलं कडवं खाऊन टाकी. ते कडवं मला अजून येत नाही.

थिओफानियाच्या सणाला पाद्री पाण्यात क्रूस टाकतात, पोरं तो काढायला उड्या घेतात. तो सोहळा मी जन्मभर माझ्या क्रेनवरून पाहिला. मग मी निवृत्त झालो, बंदर त्या दूरदेशी चिनी कंपनीकडे गेलं, बाहेरच्यांना धक्का बंद झाला. म्हणून यंदा मीच फानला गळ घातली. फान म्हणजे आता माझ्या क्रेनवर बसतो तो चिनी गडी. रविवारी माझ्याकडे मसूर खातो आणि लिंबू जरा जास्तच पिळतो. म्हटलं, क्रूस पाण्याला टेकतो तेव्हाचा एक फोटो काढ. त्यानं काढला. मी तो हौसेनं लाझारोसच्या कॉफीखान्यात लावला. क्रूस, उडालेलं पाणी, आणि मागे नौदलाच्या करड्या बोटी. मला त्या दिसल्याच नाहीत गं. जन्मभर तिथंच आहेत ना.

कुणीतरी ती गोष्ट वरपर्यंत पोचवली. आता फान हेर ठरलाय, त्याचा कामाचा परवाना अडकलाय, आणि कंपनीचा करार मोडायलाही तोच पुरावा म्हणे. लाझारोस रोज टोमणा मारतो, थ्रासो, तुझ्या चिन्यानं क्रूसासकट आरमार पळवलं. फोटो मिरवला त्याच्याच भिंतीवर, हे मात्र तो विसरतो.

तुम्हा चौकशीवाल्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. फाटकाची किल्ली कुणाकडे, कॅमेऱ्यातलं चित्र कुठल्या देशात जातं, हे विचारायलाच हवं. समोर आरमार आहे, मिठागर नाही. पण पलीकडचा धक्काही परदेशी कंपनीचाच, उत्तर युरोपातली. तिच्या साहेबांनी त्याच दिवशी भराभर फोटो काढले, त्यांना कुणी हटकलं नाही. नियम हवा तेवढा कडक करा. तोंड बघून लावू नका.

काल फान संत्री घेऊन आला. तुझं नाव त्याला कुठूनसं कळलंय. म्हणाला, “चौकशीच्या खुर्चीत तुमची मुलगी आहे ना, थ्रासोकाका? मग मी सुटलो.” कॉफीखान्यातही तेच, एक फोन कर, काम होतंय. तेव्हापासून जिवाला चैन नाही. वशिल्यानं सुटलेल्या माणसावरचा संशय कधी धुऊन निघतो का? फानला तसंच सांगितलं. तो उठून निघून गेला. संत्री तशीच पडली आहेत.

म्हणून फोन केला नाही, लिहायला बसलो. उद्या मी साक्षीला येतोय. फोटो मी काढायला लावला, भिंतीवरही मीच लावला, हे सांगायला. त्या खुर्चीसाठी तू किती वाट पाहिलीस ते मला ठाऊक आहे. तरी पोरी, माझं नाव पुकारायच्या आधी तिच्यावरून ऊठ. मला न ओळखणाऱ्या कुणाला तरी तिथं बसू दे, आणि हे पत्र त्याच्याच हाती दे.

तुझाच, पण उद्यापुरता नुसता साक्षीदार,
थ्रासोस