सैल झालेली मूठ

निपाणी, मंगळवार, संध्याकाळ

लकवा मारल्यापासून शालनची, माझ्या बायकोची, डावी मूठ आवळून बसली होती. नखं तळव्यात रुतायची. रोज बोटं एकेक करून सोडवून मी तळवा पुसायचो आणि शेवटी माझं बोट तिच्या मुठीत द्यायचो. असं घट्ट धरायची की वाटायचं, हा हातसुद्धा अजून आपल्याला ओळखतो.

मागच्या आठवड्यात बेळगावच्या डॉक्टरांनी स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं. आज मूठ उघडली. लेकीनं नखं कापली, तळवा धुतला. "आप्पा, बघा की, किती मऊ पडलाय हात," म्हणाली. चांगलंच झालं की. मग मला कसलं वाईट वाटतंय? लेकीला सांगितलं तर म्हणेल, आप्पा खुळावले.

दिवेलागणीला बोट दिलं. ते तळव्यावर नुसतं पडून राहिलं. म्हणजे इतके दिवस धरत होता तो नुसता आखडलेला हात? ती नव्हतीच?

भिंतीकडं तोंड करून पडलेली शालन म्हणाली, "आज गप का बसलाय? धरलंय न्हवं मी तुमास्नी."

व्हय म्हणालो. बोट काढलं नाही.