शेजारणीकडून बदलून घेतलेला भिशीचा नंबर

पुणे

चि. भीमराजास थोरल्या बहिणीचा मायेचा जयभीम.

वसुलीवाल्यांच्या धाकानं तू माझाबी फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद लिहून राहिले. माझं बरं हाये. मेसमधी पोळ्या लाटायला आता आमी तिघी आहोत.

मोबाइलवरचं कर्ज घेताना माझा नंबर काहून दिलास? ते मलाच रोज धा येळा इचारतात, "भाऊ कुठंय?" अन् ते फेडायला आता दुसरं कर्ज काढतोस? जामीन ऱ्हा म्हणून मेसेज धाडलास, पण मी ऱ्हाणार न्हाई.

माझा भिशीचा नंबर पुढल्या वर्षी होता. शेजारणीला इनवून तिचा या महिन्याचा घेतलाय. पण पैसे करुणाच्याच हाती देईन. बायकोपासून किती लपवशील, येड्या? नीट जेवतोस का? आजच तिला सारं सांग. तिचा फोन आला, की पैसे धाडते.

तुझ्यावर चिडलेली,
चांगुणाआक्का