सिमेंटचा हात

सोम. ५ फेब्रु.
बंदरावरच्या जुन्या मार्केटच्या दारावर सकाळी नोटीस. इमारत धोकादायक. पंधरा दिवसांत तपासणी, मग पाडायची की ठेवायची ते ठरणार. बायकोचा सुक्या मासळीचा ओटा पहिल्याच रांगेत, सासूबाईंकडून आलेला. हिनं नोटिशीकडे बघितलंसुद्धा नाही, बोंबलांचे वाटे लावत बसली. म्हणे, "कागद काय, वाऱ्यानं उडून जायाचा."
मला दिवसभर काही सुचलं नाही.

बुध. ७
इंजिनीअर मॅडम आल्या. तिशीची पोरगी, पण नजर पक्की. वरच्या सागवानी तुळया ठणठणीत म्हणाल्या. फरशीला खाडीकडे ढाळ आहे, धुतलेलं पाणी आपसूक बाहेर जावं म्हणून. बादली ओतून बघितली त्यांनी. बरं वाटलं मला. बांधणाऱ्यानं डोकं लावलंय हे कुणीतरी बघितलं. खाडीकडची मोठी कमान विटांनी बुजवलेली, बाहेरून भिंतीत होड्या बांधायची लोखंडी कडी. पाणी आता तिथून कुठच्या कुठे. भराव टाकून टाकून खाडी लांब ढकलली.
मग त्याच भिंतीवर हातोडीनं टकटक. पोकळ आवाज. 
ही लगेच पुढे. "मॅडम, ती भिंत आमच्या ह्यांनी लिंपलीय. शिमीट हाय, साधं न्हाय. त्याच्यावरच उभी हाय!" चाळीस वर्षं ती हे सगळ्यांना सांगते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली चपलांकडे.

गुरु. ८
लिहूनच टाकतो एकदा. तेव्हा पंचविशीचा, दिघाशीहून आलेला नवा मिस्तरी. भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. वरच्या चुन्याचे पोपडे मासळीवर पडायचे, बायका ओरडायच्या. काम मला मिळालं. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते चाचा म्हणाले, "चूने पे चूना ही लगा, बेटा." कोण चुना मळत बसतो! सिमेंट मारलं, खालपासून वरपर्यंत, आरशासारखं. अख्खं मार्केट बघायला आलं. सासूबाईंनी त्याच आठवड्यात माझ्या घरच्यांची चौकशी केली. आमचं लग्न त्या भिंतीनं लावलं.
खालून चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडायची, ती मी आत कोंडली. हे कळल्यालाही वीसेक वर्षं झाली. गप्प बसलो. भेकड साला.

शनि. १०
मॅडमच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "काका, हे लेखी द्याल?" दिलं. खाली सही केली, पूर्ण नाव.
सिमेंट काढून बघायचं ठरलं. दगडांमधला चुना शाबूत असेल तर भिंत दुरुस्त होईल, मार्केट राहील. माती झाला असेल तर, "मला तसंच लिहावं लागेल, काका."
काढणार मीच, म्हटलं.

रवि. ११
हिला जेवताना सांगितलं. घास हातातच राहिला तिचा. "म्हंजे चाळीस वरसं मी लोकांना खोटं सांगतंय?"
ताट ढकललं, उठून गेली. 

सोम. १२
ही पहाटेच एकटी ओट्यावर गेली. चहा मात्र ठेवला होता.

मंगळ. १३
छिन्नी, हातोडी. खालच्या कोपऱ्यात ओल्या सिमेंटात तेव्हा बोटानं माझं नाव काढलेलं. छिन्नी पहिली तिथंच लावली. निघेना मेलं. मग एकदम सगळा पापुद्रा खाली आला, नावासकट. मागे पांढरा लोणा, मिठागर जसं. भर फेब्रुवारीत भिंत निथळत होती.
वर वर सोलत गेलो. छातीच्या वरचा चुना घट्ट, नखानं निघत नाही. गुडघ्याखाली बोट आत जातं, भिजलेलं पीठच. रडू आलं. धूळ गेली म्हणालो.
मॅडम: "आठवडाभर उघडं ठेवू. खालचं सुकून धरतंय का बघते, मगच लिहिते."
ही ओट्यावरून बघत होती. आली, पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला, गेली.

शुक्र. १६
रोज तळहात लावून बघतो. खाली ओलच.
शेजारच्या ओटेवाल्या विचारतात, काय होनार? ओला तळहात दाखवतो.

सोम. १९
छातीच्या वर आज हात कोरडा आला. मांडीपर्यंतही जवळजवळ. त्याखाली गार, ओला. उद्या मॅडम येणार.
एक गिऱ्हाईक भिंत बघून म्हणालं, अरे, ही कुणी फोडली? माझं तोंड उघडायच्या आत ही बोलली. "आमच्या ह्यांनी. लिंपली पन त्यांनीच होती."
आणि सुकट मोजायला लागली.
मी वाकून परत एकदा खाली हात लावला.